शहराची माहिती कोणाच्या मालकीची?

केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी सुरू केलेले ‘स्मार्ट सिटी अभियान’ अनेक मुदतवाढींनंतर ३१ मार्च २०२५ रोजी संपुष्टात आले. देशातील शंभर शहरे त्यासाठी निवडण्यात आली होती. केंद्राने ४८ हजार कोटी रुपये द्यावेत आणि तेवढाच भार राज्ये व महापालिका यांनी मिळून उचलावा, अशी मूळ योजना होती. या शंभरही शहरांत आता एकेक ‘एकात्मिक नियंत्रण कक्ष’ उभा आहे. तेथे भिंतभर पडदे आहेत. त्यांवर चौकाचौकांतील वाहतूक, हवेतील धूलिकणांचे आकडे आणि कचरागाड्यांचे सरकते ठिपके दिसतात. माहिती तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शहरे पाणी, वीज व इंधन जपून वापरतील, आपली घाण आपणच निस्तरतील आणि पुढच्या पिढ्यांना राहण्याजोगी उरतील, असे आश्वासन या साऱ्या खटाटोपामागे होते. अभियान संपले, आता त्याचा हिशेब मागितला पाहिजे, आणि हे काम समाजवादी कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे.

संगणकाकडे पाहण्याची आपल्या चळवळीची दृष्टी दीर्घकाळ रोजगाराच्या प्रश्नाने व्यापलेली होती. १९८० च्या दशकात बँक आणि विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाविरुद्ध जे लढे दिले, ते यंत्राच्या द्वेषातून दिलेले नव्हते. यंत्रामुळे वाढणाऱ्या उत्पादकतेचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. आज तोच प्रश्न अधिक व्यापक स्वरूपात शहरांच्या संदर्भात विचारावा लागेल. संवेदक, मीटर, कॅमेरे आणि उपग्रह यांच्या योगे शहराविषयी जी अफाट माहिती गोळा होत आहे, ती कोणाची? तिच्या आधारे कोण कोणाला जाब विचारू शकतो?

प्रस्तुत लेखाचा मुद्दा थोडक्यात असा आहे : शहराचा पर्यावरणीय ऱ्हास थांबवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान निश्चित उपयोगी पडू शकते, परंतु आजची व्यवस्था उलट्या पायांवर उभी आहे. ती खालच्या माणसाला रात्रंदिवस न्याहाळते आणि वरच्यांचे निर्णय मात्र झाकून ठेवते. ही व्यवस्था सुलटी केल्याशिवाय कितीही पडदे लावले तरी नदी स्वच्छ होणार नाही आणि नळाला पाणी येणार नाही. विवेचन नेमके राहावे म्हणून मी मुख्यतः पुण्याचे उदाहरण घेतो. जानेवारी २०१६ मध्ये अभियानाची पहिली वीस शहरे जाहीर झाली, तेव्हा पुण्याचा क्रमांक दुसरा होता.

कार्यक्षमता आणि काटकसर

या योजनांचा सारा भर कार्यक्षमतेवर आहे. तेच काम कमी इंधनात, कमी वेळात झाले की पर्यावरणाचे रक्षण आपोआप होईल, असे त्यात गृहीत धरलेले आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे गृहीतक नवे नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाचा अभ्यास करताना दाखवून दिले की, वाफेची इंजिने सुधारली आणि कमी कोळशात अधिक काम होऊ लागले, तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, तो वाढला. काम स्वस्त झाले म्हणून इंजिनांचा प्रसार झाला. कार्यक्षमता वाढली म्हणजे काटकसर झाली असे नाही. काटकसरीसाठी एकूण वापरावर मर्यादा घालणारा सामाजिक निर्णय लागतो.

पुण्याच्या वाहतुकीत हेच घडताना दिसते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०१८ मध्ये शहरातील नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. स्मार्ट सिटीच्या योजनेतून सव्वाशेच्या आसपास चौकांत वाहनांची गर्दी मोजून आपली वेळ बदलणारे सिग्नल बसवण्यात आले. सिग्नल हुशार झाला, चौकात दोन मिनिटे वाचली, असे समजू. पण ती दोन मिनिटे वाचली म्हणूनच काल बसने जाणारा माणूस आज दुचाकी बाहेर काढतो आणि वाचलेला वेळ व इंधन नव्या वाहनांच्या धुरात जिरून जाते. रस्त्याची जागा कोणाला द्यायची, खासगी मोटारीला की सार्वजनिक बसला, हा खरा निर्णय होता. तो संगणकाने घ्यावयाचा नव्हता, आणि ज्यांनी घ्यावयाचा होता त्यांनी तो खासगी वाहनाच्या बाजूने घेतला. २००६ च्या अखेरीस देशातील पहिला जलद बसमार्ग पुण्यात सुरू झाला. पुढे नगर रस्त्यावर उभारलेला तसाच मार्ग काही वर्षांतच बहुतांशी उखडून टाकण्यात आला. २००७ मध्ये दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून स्थापन झालेल्या परिवहन महामंडळाच्या ताफ्यात अनेक वर्षे दोन हजारांच्या आसपासच गाड्या होत्या. बस कोठे आहे हे सांगणारे ॲप २०२४ मध्ये आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. थांब्यावर उन्हात उभ्या असलेल्या मोलकरणीला आणि कामगाराला त्याचा उपयोग आहे. मात्र मुळात गाडीच कमी असेल तर ॲप तिची प्रतीक्षा अचूक मोजून देते, इतकेच.

पाण्याचा मीटर कोणाकडे तोंड करून आहे?

पाण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पुणे शहर पाणी घेते. त्याच पाण्यावर दौंड, इंदापूर आणि हवेली तालुक्यांतील शेती अवलंबून आहे. त्यामुळे शहरात वाया गेलेले प्रत्येक घागरभर पाणी कोणा शेतकऱ्याच्या पाटातून गेलेले असते. शहराच्या वितरणात जवळजवळ ४० टक्के पाण्याची गळती होते, असे महापालिका स्वतःच वेळोवेळी सांगत आली आहे. चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना याच गळतीकडे बोट दाखवून मांडली गेली. तिच्यासाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले, आणि दूरवरून वाचता येतील असे मीटर घरोघरी बसवण्याचे काम हाती घेतले.

मीटरला विरोध करण्याचे कारण नाही. मोजल्यावाचून वाटप न्याय्य होत नाही, हे समाजवाद्याने तरी नाकारू नये. परंतु मीटर दोन प्रकारचे असतात. एक धरणापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून पेठेपर्यंत पाणी किती निघाले, किती पोहोचले आणि वाटेत कोठे मुरले, हे सांगतो. हा मीटर प्रशासनाचा हिशेब घेतो. दुसरा घराच्या दाराशी असतो. तो नागरिकाचा हिशेब घेतो. दोन्ही एकाच योजनेत असले तरी दुसऱ्याचे वाचन बिलाच्या रूपाने घरपोच येते, आणि पहिल्याचे वाचन मात्र सामान्य माणसाच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी कधी लावलेले दिसत नाही. कोणत्या टाकीतून कोणत्या भागाला दरडोई किती लिटर पाणी मिळाले, हा आकडा रोज प्रसिद्ध झाला तर काय होईल? राष्ट्रीय मानक दरडोई १३५ लिटरांचे आहे. कोठे त्याच्या दुप्पट आणि कोठे निम्मेही नाही, हे एका रात्रीत सर्वांना दिसेल. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत घेण्यात आली. त्यांतील अनेक वस्त्या आजही टँकरवर जगतात. टँकर कोठे भरला आणि कोठे रिता झाला, हे आज यंत्राने क्षणोक्षणी कळू शकते. ते वस्तीतल्या बाईला कळते का, हा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. पाणी एकाने प्यायले की दुसऱ्याला तेवढे कमी होते. माहितीचे तसे नाही. ती एकदा गोळा झाली की शंभरांना देण्याचा जादा खर्च जवळपास शून्य असतो. जनतेच्या पैशाने जमवलेली माहिती जनतेपासून दडवून ठेवण्याला म्हणूनच कोणतेही आर्थिक समर्थन नाही. तिचे समर्थन फक्त सत्तेच्या भाषेत करता येते.

पूर आला तेव्हा

माहिती दडण्याची किंमत पुण्याने माणसांच्या जिवाने मोजली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. त्या आपत्तीत शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ओढ्याचे पात्र कोठे अरुंद झाले, त्यावर कोठे बांधकामे चढली, हे नकाशांवरून आणि उपग्रहाच्या चित्रांवरून आधीच सांगता येण्यासारखे होते. त्यानंतर पाच वर्षांनी, २५ जुलै २०२४ रोजी, खडकवासल्यातून पहाटे ३५ हजार घनफूट प्रतिसेकंद इतका मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या परिसरात घरांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. विसर्गाची माहिती कोणी कोणाला कधी दिली, यावर नंतर खात्याखात्यांत वाद झाला. त्याच पहाटे डेक्कन परिसरात नदीकाठी खाद्यपदार्थांची हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघा तरुणांचा बळी गेला.

पावसाचे मोजमाप होत होते, धरणाची पातळी कळत होती, नियंत्रण कक्ष होते आणि जवळजवळ प्रत्येक घरात मोबाईल होता. तंत्रज्ञानात काही उणे नव्हते. उणीव होती ती, दरवाजे उघडण्याआधी काठावरच्या माणसाला कळवणे हे कोणाचे तरी कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते चुकल्यास त्याला जाब द्यावा लागेल, या व्यवस्थेची. ही व्यवस्था कोणतीही कंपनी विकत देत नाही.

मनगटावरचे घड्याळ

ज्याची माहिती दडवायची तो धरणाचा दरवाजा. आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची तो कोण? काही वर्षांपूर्वी नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटांवर त्यांची जागा क्षणोक्षणी सांगणारी घड्याळे बांधण्यात आली. कामगार नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर गेला की नियंत्रण कक्षात कळावे, ही त्यामागची कल्पना. कपातीची टांगती तलवार डोक्यावर घेऊन माणसाने गटार उपसावे, याला ‘स्वच्छ शहराचे तंत्रज्ञान’ म्हणण्यात आले. त्या कामगाराला हातमोजे मिळाले का, कंत्राटदाराने किमान वेतन दिले का, भविष्यनिर्वाह निधी भरला का, हे सांगणारा पडदा मात्र कोणत्याही नियंत्रण कक्षात लावल्याचे मी ऐकलेले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. बाबा आढाव यांचे नेतृत्व लाभलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची स्थापना पुण्यात १९९३ मध्ये झाली. तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्यास सुरुवात केली. साडेतीन हजारांच्या आसपास कष्टकरी, बहुतांश दलित समाजातील स्त्रिया, या कामातून स्वतःचा उदरनिर्वाह करतात आणि शहराचा कचरा वेगळा करून त्याचा मोठा भाग पुन्हा वापरात आणतात. कोणत्या सोसायटीत ओला-सुका कचरा एकत्र येतो, कोणते प्लॅस्टिक भंगारवालाही घेत नाही, कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत किती ओझे निघते, हे त्यांना तोंडपाठ असते. शहराच्या कचऱ्याविषयीची सर्वांत विश्वसनीय माहिती या स्त्रियांपाशी आहे. तरीही कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना पुनःपुन्हा झगडावे लागले. यांच्या हाती मोबाईल दिला आणि त्यांच्या नोंदी महापालिकेच्या निर्णयांचा आधार मानल्या, तर ते माहिती तंत्रज्ञान ठरेल की नाही? माझ्या मते तेच खरे. घड्याळ आणि मोबाईल यांत फरक यंत्राचा नाही. घड्याळाचा मालक वर बसलेला आहे आणि मोबाईलची मालकीण काम करणारी आहे, एवढाच फरक आहे आणि तो निर्णायक आहे.

यावरून एक साधे तत्त्व मांडता येईल. व्यवस्थेची माहिती, म्हणजे धरण, टाकी, नाला, बस, कंत्राट, बांधकाम परवाना यांची, संपूर्णपणे उघडी असावी. व्यक्तीची माहिती, म्हणजे कोण कोठे गेले, कोणी किती वेळ काम केले, कोणाच्या घरी कोण आले याची, शक्य तितकी कमी गोळा करावी आणि ती त्या व्यक्तीच्या संमतीवाचून वापरू नये. आज नेमके याच्या विरुद्ध चालले आहे.

यंत्राची स्वतःची भूक

संगणक हवेवर चालत नाही, हेही विसरता कामा नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल, असा त्याच संस्थेचा होरा आहे. या यंत्रांना थंड ठेवण्यासाठी पाणीही लागते. आपल्या देशातील अशा केंद्रांचा फार मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे, आणि महाराष्ट्राची वीज अद्याप मुख्यतः कोळशावर बनते. शहर हिरवे करण्याचा आदेश ज्या यंत्रातून निघतो, त्याची राख चंद्रपूर–कोराडीच्या माणसाच्या फुफ्फुसात जात असेल तर हिशेब अपुरा आहे. म्हणून प्रत्येक नव्या केंद्राने किती वीज व पाणी घेतले आणि ते कोठून आणले, हे जाहीर करण्याची सक्ती परवान्यातच असली पाहिजे.

कंपनी आणि सभागृह

स्मार्ट सिटी अभियानाची सर्वांत गंभीर बाब यंत्रांत नव्हती, रचनेत होती. प्रत्येक शहरात २०१३ च्या कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली आणि महापालिकेचे अधिकार तिच्याकडे सोपवण्याची मुभा देण्यात आली. निवडून आलेल्या नगरसेवकाला कोणीही मतदार जाब विचारू शकतो; कंपनीच्या संचालकाला विचारण्याची तशी सोय नाही. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्याला जे स्थान दिले, त्याला कंपनीची ही पाचर मारली गेली. त्यात मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिले. एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा सभागृहच अस्तित्वात नव्हते. लोकशाहीशिवाय शहर चालवता येते, पडदे पुरेसे आहेत, अशी एक धारणा या काळात राज्यकर्त्यांच्या मनात रुजली असल्यास नवल नाही.

याचा अर्थ नियोजनाला यंत्राची साथ नको, असा नव्हे. पोलंडचे समाजवादी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर लांगे यांचा संगणक आणि बाजारपेठ यांवरील लेख त्यांच्या निधनानंतर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारपेठ जे गणित चाचपडत सोडवते ते संगणक क्षणात सोडवू शकेल, अशी उमेद त्यांनी त्यात व्यक्त केली होती. चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने १९७१ पासून ‘सायबरसिन’ नावाचा प्रयोग करून पाहिला. ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बिअर यांच्या मदतीने राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सच्या तारांनी जोडण्यात आले. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालमोटारींच्या मालकांनी देश ठप्प करण्याचा घाट घातला, तेव्हा याच जाळ्याच्या आधारे सरकारने आपल्या बाजूच्या सुमारे २०० मालमोटारींतून आवश्यक माल हलवला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने आयेंदेंबरोबर तो प्रयोगही संपवला. त्याच्यातही उणिवा होत्या. कारखान्यातील कामगारांचा सहभाग अपेक्षेइतका झाला नाही, आणि आपल्यासाठी तोच धडा महत्त्वाचा आहे. माहिती सरकारच्या हाती आली म्हणजे ती जनतेच्या हाती आली, असे होत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

या संदर्भात नव्या कायद्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक कार्यालयांना आपल्या नोंदी संगणकावर आणून, कोणी मागण्याआधीच त्या प्रसिद्ध करण्यास बजावते. महापालिका आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल सादर करावा, अशी तरतूद महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात आहे. हा अहवाल बहुतेक ठिकाणी शहराच्या सरासरीत बोलतो, आणि सरासरीत झोपडपट्टीचा नळ व बंगल्याचा पोहण्याचा तलाव एकमेकांत विरघळून जातात. त्यात प्रत्येक प्रभागाचे पाणी, कचरा, हवा, झाडे आणि बसफेऱ्या स्वतंत्रपणे द्याव्यात, ही मागणी प्रत्येक शहरातील आपल्या कार्यकर्त्यांनी लावून धरावी.

त्याचबरोबर चार गोष्टींचा आग्रह धरावा. अभियान संपल्यानंतर स्मार्ट सिटी कंपन्यांची यंत्रे, करार आणि साठवलेली माहिती सभागृहाच्या ताब्यात यावी. धरणाच्या विसर्गाची पूर्वसूचना काठावरच्या प्रत्येक वस्तीला ठरावीक तास आधी देण्याची जबाबदारी नावानिशी निश्चित व्हावी. कामगारांच्या अंगावर पाळतीची साधने बांधण्यास बंदी असावी, आणि कंत्राटदाराचे वेतनपत्रक संगणकावर सर्वांना पाहता यावे. चौथी गोष्ट वस्तीतल्या फलकाची : पाण्याच्या टाकीपाशी, बसथांब्यावर आणि प्रभाग कार्यालयात आजचा आकडा मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. ज्याच्याकडे स्मार्ट मोबाईल नाही तोही या शहराचा नागरिक आहे.

हे काम चळवळीच्या दृष्टीने रूक्ष वाटेल. मोर्चाची ऊब त्यात नाही. परंतु आपल्या शाखांतील एखाद्या तरुणाने महिनाभर एका टाकीचा आणि एका टँकरचा हिशेब चिकाटीने ठेवला, तो वस्तीच्या बैठकीत मांडला आणि तेथून वीस बायका तो कागद हातात घेऊन प्रभाग कार्यालयात गेल्या, तर त्या कागदाला उत्तर देणे कोणत्याही अधिकाऱ्याला टाळता येणार नाही. सुरुवात तेथूनच करावी.